पंखाच्या आतून

त्या दिवशी सकाळपासून धुकं पडलं होतं आणि दहा वाजून गेले तरी उठायचं नाव घेत नव्हतं. वारा अजिबात नव्हता. आमचा विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, विमान ठेवायचं एक हँगर आणि एक ऑफिस, एवढाच. पण त्या दिवशी हँगरच्या दारात उभं राहून धावपट्टीसुद्धा दिसत नव्हती. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी वाळत घातलेल्या मोज्यासारखी खांबाला लोंबत होती. छपरावरून पाण्याचा थेंब पडला तरी तो कुठे पडला ते कानाला कळत होतं.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. ही भर दिवसाची आहे, आणि हिच्यात कुणी दिसत नाही. मी शाळेत गेलेलो नाही, अक्षरं मोठेपणी शिकलो, तेव्हा लिहितो सावकाश. शेजारच्या मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत, त्यांच्याच वहीत लिहितोय. माझं घर त्यांच्या घराला भिंतीला भिंत लागून आहे. पण गेले चार दिवस मी इकडेच झोपतो. ते का, हे ओघात येईलच.

मी विमानाच्या पत्र्याचं काम करायचो. आता कामावर नसतो, पण टाकी गळायला लागली की अजून मलाच निरोप येतो. छोट्या विमानात टाकी म्हणजे वेगळा डबा नसतो. पंख आतून पोकळ असतो, त्याच पोकळीत पेट्रोल भरतात. सांध्यासांध्यांना आतून रबरासारखा लेप दिलेला असतो. लेप म्हातारा झाला की तडकतो, आणि मग पंखाखाली निळा डाग दिसतो, कारण त्या पेट्रोलला निळा रंग असतो. काम मोठं नाही. टाकी रिकामी करायची, आत दिवसभर हवा सोडायची म्हणजे वास आणि वाफ जाते, पंखाच्या पोटावरचं झाकण उघडायचं, हात घालून जुना लेप खरवडायचा आणि नवा भरायचा. पण सगळं चाचपून करावं लागतं. आत डोळा पोचत नाही, हातच पोचतो.

निरोप इंजिनियर साहेबांचा होता. तरुण माणूस, अंगाने भरलेला, मनाने चांगला. डाव्या पंखाची टाकी गळत होती. आदल्या दिवशीच त्यांनी ती रिकामी करून आत हवा सोडून ठेवली होती. मी पोचलो तेव्हा वैमानिक बाई पंखाला टेकून चहा पीत होती. बाई म्हणतो खरं, पण ती बारक्याची, माझ्या कामातल्या जोडीदाराची मुलगी. जन्मल्यापासून मला काका म्हणते. म्हणाली, काका, तुमची वाट बघून बघून धुकं पण कंटाळून इथेच झोपलं. मी म्हटलं, म्हाताऱ्याची सायकल धुक्यात आणखी म्हातारी होते.

मग तिने सांगितलं की तीन दिवसांनी ती आपल्या आईला घेऊन जाणार आहे. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन शहरात ठरलं होतं. रस्त्याने दोन दिवस, विमानाने दीड तास. वहिनी आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसणार होत्या, आणि तेही लेकीच्या.

याच विमानातून. मी पंखाकडे बघितलं आणि तिला म्हटलं, मग आज घाई करायची नाही. असं का म्हटलं, ते सांगायला मागे जावं लागेल.

बारक्या आणि मी तीस-बत्तीस वर्षं जोडीने काम केलं. त्याचा हात वेताच्या काठीसारखा बारीक, म्हणून तो बारक्या, आणि मी ठोक्या. पंखाला पत्रा बसवायचा तर दोन माणसं लागतात. बाहेरचा माणूस हवेच्या हातोडीने रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे जाड खिळे, ठोकतो. आतला माणूस भोकातून खांद्यापर्यंत हात घालून रिव्हेटच्या मागे लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ठोकळा नीट धरला तर रिव्हेटचं टोक आतून चपटं होऊन घट्ट बसतं. आतल्याला बाहेरचं दिसत नाही, बाहेरच्याला आतलं दिसत नाही, आणि हातोडीच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून ठोक्यांची भाषा असते.

एक ठोका म्हणजे मी जागेवर आहे, ठोकळा लावलाय, तू चालव. दोन ठोके म्हणजे बरोबर बसला, पुढे चल. तीन ठोके म्हणजे बिघडला, काढून टाक.

एक ठोका आला की बाहेरच्याने उशीर करायचा नाही. आतल्याचा हात अवघडलेला असतो, त्याला ताटकळत ठेवणं म्हणजे पाप. एवढाच आमचा धर्म होता. तीन ठोके आले तर त्या रिव्हेटवर तांबड्या पेन्सिलीने फुली मारायची आणि ओळ संपली की सगळे फुलीवाले ड्रिलने काढायचे.

एकतीस वर्षांपूर्वी याच विमानाच्या डाव्या पंखाचा खालचा पत्रा आम्ही बदलला. चोपन्न रिव्हेटची ओळ होती. मधेच कुठेतरी आतून तीन ठोके आले. मी पेन्सिल उचलली, आणि तेवढ्यात ऑफिसातून शिपाई धावत आला, की बारक्याला मुलगी झाली. मी पेन्सिल टाकली आणि पत्र्यावर थापा मारून त्याला सांगितलं. त्याने हात बाहेर ओढला, कोपर खरचटलं त्याचं, आणि आम्ही दोघं तसेच काळ्या हातांनी दवाखान्यात गेलो. नर्सने बाळ दिलं नाही, आधी हात धुऊन या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या रिव्हेटपासून सुरू केलं. फुली नव्हतीच, त्यामुळे काढायचंही काही नव्हतं. मला आठवलं ते पंधरा दिवसांनी. तोवर रंग लागून विमान उडायला लागलं होतं, आणि चोपन्नातला नेमका कुठला ते मला सांगता आलं नसतं. सांगितलं असतं तर पंख पुन्हा उघडावा लागला असता. आज सांगू, उद्या सांगू, असं करत राहिलो.

बारक्याने एकदाच विचारलं होतं. जेवताना, सहज. "तो काढलास ना रे?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. आयुष्यात त्याच्याशी बोललेलं हे एक खोटं. मला अक्षरं त्याने शिकवली, कापलेल्या पत्र्यावर खडूने. अशा माणसाशी.

सहा वर्षांपूर्वी तो गेला. छातीचं दुखणं, शेवटी वाचा गेली. मी रोज जायचो. मला बघितलं की तो खाटेच्या लोखंडी दांडीवर बोटाच्या हाडाने ठोकायचा. तीनदा. थांबायचा, माझ्याकडे बघायचा. पुन्हा तीनदा. वहिनी म्हणायच्या, भाऊजी, त्यांना पाणी हवं असेल. मी पाणी पाजायचो. तो पाणी प्यायचा आणि पुन्हा ठोकायचा.

मला कळत नव्हतं असं नाही.

असो. त्या दिवशी मी चाकं लावलेल्या फळीवर पाठ टेकून पंखाखाली सरकलो. डाग त्याच ओळीवर होता, चांगला हातभर. पण गळती दिसते तिथे नसते. पेट्रोल दोन पत्र्यांच्या मधून वाट काढत कुठल्याकुठे येऊन ठिबकतं. साहेब म्हणाले, बाबा, शोधत बसू नका, सगळ्या ओळीला आतून नवा लेप द्या, गळती थांबली म्हणजे झालं. त्यांचं बरोबर होतं. लेप दिला असता तर गळती थांबलीच असती. आणि खालचा रिव्हेट आणखी तीस वर्षांसाठी झाकला गेला असता. की तीन दिवसांसाठी?

मी झाकण उघडून हात घातला. आत थंडगार होतं. पेट्रोलचा जुना, गोडसर वास नाकात बसला. पितळी खरवडणीने मी लेप सोलत गेलो, दुधावरची साय निघावी तसे पापुद्रे निघत होते. साहेब आणि मुलगी पलीकडे बोलत उभे होते. हात खांद्यापर्यंत गेला, पुढे पोचेना, तेव्हा मी दम घ्यायला थांबलो. आणि इतक्या वर्षांची खोड, बोटाच्या हाडाने आतल्या पत्र्यावर एकदा ठोकलं.

आतून, माझ्या हाताच्या पलीकडून, तीन ठोके आले.

मोठे नव्हते. खाटेच्या दांडीवर यायचे तेवढेच.

मी हात तसाच ठेवला. काढायचं सुचलंच नाही. साहेबांना विचारलं, तुम्ही पंखावर हात मारलात का. ते म्हणाले, नाही बाबा, गारठ्याने पत्रा आखडतो, त्याचा आवाज. पत्रा आखडतो हे मलाही ठाऊक आहे. तो टण्णकन एकदा वाजतो. मोजून तीनदा वाजत नाही.

मग साहेबांना ऑफिसातून फोन आला, आणि मुलगी माझ्यासाठी चहा आणायला गेली. हँगरमध्ये मी एकटा. धुकं दारातून जरासं आत येऊन पुढच्या चाकापाशी थांबलं होतं. मी पंखाखाली पुन्हा आडवा झालो आणि ओळीच्या सुरुवातीला गेलो. पहिल्या रिव्हेटवर बोट ठोकलं. आतून दोन ठोके आले. दुसऱ्यावर ठोकलं. दोन. तिसऱ्यावर. दोन.

मी पुढच्या रिव्हेटवर गेलो. खरं सांगू का, तो आवाज ओळखीचा होता म्हणूनच भीती वाटत होती आणि म्हणूनच थांबवत नव्हतं. बारक्याचे दोन ठोके असे असायचे, पहिला जरा जोरात, दुसरा हलका. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. फळी सरकवत होतो, मनात मोजत होतो. टाकी रिकामी होती. माझाच हात त्यातून नुकता निघाला होता. झाकणाच्या जागी नुसतं भोक होतं, काळं, आणि ते माझ्या पायाशी होतं.

छत्तिसावा. दोन.

सदतिसावा.

काहीच आलं नाही. मी बोट तिथेच टेकवून पडून राहिलो. छपरावरून एक थेंब पडला, मग दुसरा. आणि मग अगदी माझ्या तोंडासमोर, पत्र्याच्या पलीकडे, तीन ठोके पडले. थांबले. पुन्हा तीन. मी त्याच्यावर तांबड्या पेन्सिलीने फुली मारली. एकतीस वर्षांनी मारली. फुली वाकडी आली.

ठोके थांबले.

साहेब परत आल्यावर मी सांगितलं, हा एक काढायचा. ते हसले, रंगसुद्धा उडालेला नाही बाबा, याला का काढायचं. मी म्हटलं, काढतो. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि ड्रिल हातात दिलं. ड्रिल नीट टेकायच्या आतच रिव्हेट भोकात हलला. बाहेर पडला तो काळा आणि खाल्लेला. पण साहेबांचा चेहरा उतरला तो त्याने नाही. त्यांनी बॅटरी लावून भोकाकडे बघितलं. भोकाच्या कडेपासून एक चीर निघाली होती, केसाएवढी बारीक, बोटभर लांब, आणि पंखाच्या कण्याच्या दिशेने गेली होती. पंख ज्या पट्टीवर उभा असतो तो कणा. चीर तिथवर पोचायला दोन बोटं राहिली होती.

साहेबांनी ते अंतर बोटाने मोजलं. मग म्हणाले, लेप दिला असता आपण.

मुलगी चहाचा पेला घेऊन उभी होती. मी फळीवरून उठलो आणि तिला सगळं सांगितलं. पेन्सिल, शिपाई, दवाखाना, आणि तो "हो". ठोक्यांचं तेवढं नाही सांगितलं. ती ऐकत राहिली. चहावर साय धरली.

"बाबांना माहीत होतं?" तिने विचारलं.

"मला वाटतं, हो. शेवटी शेवटी तेच सांगत होता."

"आणि तुम्ही पाणी पाजत होतात."

मी मान हलवली. तिने पेला खाली ठेवला. मला वाटलं, आता ही मला जायला सांगेल, आणि तेच बरोबर होतं. पण ती जाकीट काढून बाही वर करायला लागली. म्हणाली, हे नीट करायचं कसं, ते सांगा.

चिरीच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे ती पुढे जात नाही. मग वरून पत्र्याचं ठिगळ, सहा नवे रिव्हेट. साहेबांनी सगळं मोजून कागदावर काढलं. आता ठोकळा धरायला आत हात हवा. साहेबांनी आपला घातला, तो कोपराशी अडकला, आणि काढताना त्यांच्या घड्याळाची काच गेली. म्हणाले, घरच्यांना सांगू नका, सासऱ्यांचं आहे. त्या दिवसातलं हसू तेवढंच.

मग तिने हात घातला. बापाचा हात होता तो, वेताच्या काठीसारखा. खांद्यापर्यंत सहज गेला. ती फळीवर पाठीवर पडली, गाल पत्र्याला लागलेला, आणि तिच्या शेजारी मी हातोडी घेऊन. तिला मी एक, दोन, तीनचा अर्थ सांगितला. साहेब आपला कागद पुरा करायला टेबलापाशी गेले.

एक ठोका आला. मी हातोडी चालवली. दोन ठोके आले. पहिला जरा जोरात, दुसरा हलका.

मी मनात म्हटलं, रक्तातच असतं. दुसरा रिव्हेट. एक. हातोडी. दोन. तिसरा, चौथा. इतकं सरळ काम माझ्या हातून कित्येक वर्षांत झालं नव्हतं. नवीन माणसाचा ठोकळा घसरतो, पत्र्याला पोचा येतो. हिचा तसूभर हलत नव्हता. पाचवा झाला, दोन ठोके आले, आणि मी तिच्याकडे बघून म्हटलं, शाबास.

तिचे डोळे छताकडे लागले होते. ओठ पांढरे पडले होते.

"काका..." ती अगदी हळू म्हणाली. "मी ठोकत नाहीये."

मी हातोडीवरचं बोट काढलं.

"पहिला एक ठोका दिला, तेवढा माझा. पुढचे माझे नाहीत. मला वाटलं, तुम्हीच बाहेरून..."

"ठोकळा?"

"हातात आहे. पण जड लागत नाहीये... कुणीतरी खालून हात लावल्यासारखा. मी नुसती धरून आहे, काका."

साहेब टेबलापाशी पाठमोरे होते. हातोडीची हवेची नळी फुसफुसत होती. मला वाटलं, तिला म्हणावं, हात काढ, चल, बाहेर जाऊ. पण एक रिव्हेट राहिला होता. आणि या ओळीतलं काम अर्धं टाकून मी एकदा गेलो होतो.

"काढू नकोस," मी म्हटलं. "भिऊ नकोस. एकच राहिलाय."

तिने डोळे मिटले. आतून एक ठोका आला. मी हातोडी चालवली. दोन ठोके आले, आणि मग थोडं थांबून पत्र्यावरून तळहात फिरवल्यासारखा आवाज आला, झाकणापासून पंखाच्या टोकापर्यंत, सावकाश. काम संपल्यावर बारक्या पत्रा असा पुसायचा.

तिने हात काढला तेव्हा तो बर्फासारखा गार होता. मी माझ्या दोन्ही हातांत धरून चोळला. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं की दोन म्हणजे बरोबर ना. मी म्हटलं, हो. आणि हे "हो" खरं होतं.

लेप भरला, तो वाळायला दोन दिवस ठेवला. साबणाचं पाणी लावून, आत हवा भरून साहेबांनी स्वतः बघितलं, एक बुडबुडा आला नाही. मी एकटा असताना ओळीवर पुन्हा बोट ठोकून पाहिलं. काहीच आलं नाही. रिकामी टाकी वाजते तशी वाजली.

चौथ्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं. वहिनी नवी चादर खांद्यावर घेऊन आल्या. पंखाला हात लावून म्हणाल्या, आमच्या यांच्या हातचं आहे म्हणजे काळजी नाही. मी खाली बघितलं. मुलीने जाता जाता माझ्या खांद्यावर थोपटलं, दोनदा. साडेनऊला विमान उडालं. अकराला फोन आला, सुखरूप पोचले, एक थेंब गळला नाही.

मी सायकल हातात धरून चालतच घरी निघालो. अंगावरून मोठं ओझं उतरलं होतं, आणि उतरल्यावर कळलं की अंगात काहीच उरलेलं नाही. वाटलं, आता जावं, दार लावून घ्यावं आणि झोपावं. घरात मी एकटाच असतो. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

किल्ली काढली, तेवढ्यात शेजारचे मास्तर त्यांच्या दारात आले. चष्मा कपाळावर, हातात पेपर. त्यांना मी ठोक्यांबद्दल कधी काही बोललेलो नव्हतो. बारक्या कोण तेही त्यांना माहीत नाही.

म्हणाले, "अहो, पाहुणा आलाय का तुमच्याकडे? साडेनऊपासून मधल्या भिंतीवर ठोका पडतोय. एकच. मग बराच वेळ काही नाही, कुणी वाट बघत थांबावं तसं... आणि मग पुन्हा एक."